लाटेच्या आधी पोचणारे गणित : त्सुनामीचे संगणकीय प्रतिरूपण आणि किनाऱ्याची सिद्धता

२६ डिसेंबर २००४, रविवार. भारतीय वेळेनुसार सकाळी सहा वाजून एकोणतीस मिनिटांच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाजवळ समुद्राखालची जमीन फाटली. ही फाट उत्तरेकडे अंदमानपर्यंत, सुमारे बाराशे ते तेराशे किलोमीटर धावत गेली. भूकंपाची तीव्रता ९.१ होती. अ‍ॅचेचा किनारा अर्ध्या तासाच्या आत उद्ध्वस्त झाला. निकोबार बेटांवर पाणी चढले. त्याच वेळी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर माणसे फिरायला आली होती, मुले क्रिकेट खेळत होती आणि नागपट्टिनमच्या धक्क्यावर रात्रीची मासळी उतरत होती. लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली, तेव्हा भूकंप होऊन दोन तासांहून अधिक वेळ लोटला होता. हिंदी महासागराच्या काठावरील चौदा देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे गेली. भारतात दहा हजारांहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती मधली दोन तासांची. समुद्रापासून एक-दोन किलोमीटर मागे सरकायला धडधाकट माणसाला अर्धा तास पुरतो. वेळ होता, पण लाट येत आहे हे कोणाला ठाऊक नव्हते आणि ज्यांना शंका आली, त्यांच्याकडून किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत ती पोचवणारा मार्ग नव्हता. ही पोकळी भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञ जे साधन वापरतात, त्याचे नाव संगणकीय प्रतिरूपण, म्हणजेच सिम्युलेशन. ते कसे चालते, ते कितपत खरे ठरते आणि त्याचा उपयोग कोणाला होतो, हे तीन प्रश्न घेऊन हा लेख लिहिला आहे.

त्सुनामी ही नेहमीची लाट नव्हे

‘त्सुनामी’ हा जपानी शब्द. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. मासेमारीसाठी खोल समुद्रात गेलेल्या कोळ्यांना तिथे काहीच जाणवत नसे. परत येऊन पाहावे तर बंदर वाहून गेलेले. म्हणून ही ‘बंदरातली लाट’. या जुन्या नावातच तिचे शास्त्र दडलेले आहे.

नेहमीची लाट वाऱ्याने उठते. तिच्यात पाण्याचा वरचा थर तेवढा हलतो आणि दोन लाटांमधले अंतर फार तर काहीशे मीटर असते. त्सुनामी समुद्रतळाच्या हालचालीने जन्मते. एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकत असतो. दोघांची कड एकमेकींत अडकते. शेकडो वर्षे ताण साठत राहतो आणि एके दिवशी ती कड सुटते. वरचा भूपट्ट उसळतो आणि त्याच्या डोक्यावरचा तळापासून पृष्ठभागापर्यंतचा सगळा पाण्याचा स्तंभ उचलला जातो. हे उचललेले पाणी पुन्हा समपातळीत येऊ पाहते, तीच त्सुनामी. तिच्या दोन शिखरांमधील अंतर खोल समुद्रात दोनशे किलोमीटरही असू शकते. उंची मात्र एखाद्या मीटरहून कमी असते. दोनशे किलोमीटरमध्ये अर्धा मीटर चढ आणि उतार! होडीतल्या माणसाला तो कसा कळावा?

लाटेचे साधे गणित

हायस्कूलच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे हे गणित आहे. लाटेची लांबी पाण्याच्या खोलीच्या मानाने फार मोठी असली, की तिचा वेग केवळ खोलीवर अवलंबून असतो. खोलीला (मीटरमध्ये) गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. येणारे उत्तर म्हणजे लाटेचा दर सेकंदाचा वेग, मीटरमध्ये.

खोली ४००० मीटर असेल, तर गुणाकार ३९,२०० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १९८. म्हणजे सेकंदाला १९८ मीटर, अर्थात ताशी सुमारे ७१३ किलोमीटर. हा जवळजवळ प्रवासी विमानाचा वेग झाला. खोली १०० मीटर झाली, की वेग ताशी ११३ किलोमीटरवर येतो. १० मीटर खोलीवर तो ताशी ३६ किलोमीटर उरतो. माणूस तिच्यापुढे धावू शकत नाही. पण तिची वेळ आधी सांगता येते, हे यातून स्पष्ट व्हावे.

वेग कमी होतो, तशी लाटेची लांबी आखडते. पुढचे पाणी हळू चालते, मागचे वेगाने येऊन त्याच्यावर चढते आणि ऊर्जा वर ढकलली जाते. खोली चारशे पटींनी कमी झाली, तर उंची चारशेच्या चतुर्थमूळाइतकी, म्हणजे सुमारे साडेचार पट वाढते. २००४ मध्ये जेसन-१ नावाचा उपग्रह योगायोगाने हिंदी महासागरावरून जात होता. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी त्याने खोल समुद्रातील लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर मोजली. आपल्या हिशेबाने ती १० मीटर खोलीवर पावणेतीन मीटरच्या आसपास व्हायला हवी. प्रत्यक्ष किनाऱ्यावर ती कुठे कमी, कुठे त्याहून पुष्कळ अधिक भरली. कारण किनारा सरळ रेषेचा नसतो. खाडीत पाणी कोंडते, भूशिराभोवती लाट वळते, तळाच्या उंचवट्यावर ती भिंगातून प्रकाश एकवटावा तशी एकवटते. इथे साधे सूत्र थांबते आणि संगणकाची गरज सुरू होते.

संगणक नेमके काय करतो

प्रतिरूपण म्हणजे पडद्यावर लाटेचे चलच्चित्र दाखवणे, असा अनेकांचा समज आहे. चित्र ही शेवटची गोष्ट. आधी चार पायऱ्या असतात.

पहिली पायरी, समुद्रतळ किती उचलला गेला याचा अंदाज. भूकंपमापन यंत्रांवरून भूकंपाचे स्थान, खोली आणि तीव्रता कळते. त्यावरून जमिनीची फाट किती लांब-रुंद, किती तिरकी आणि किती सरकली हे धरले जाते. अशा फाटीमुळे वरचा पृष्ठभाग कसा वाकेल, याची सूत्रे जपानी शास्त्रज्ञ योशिमित्सु ओकादा यांनी १९८५ मध्ये सुसंगत रूपात मांडली. आजही जगभर तीच वापरतात.

दुसरी पायरी, समुद्राची जाळी. सगळा समुद्र बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांत विभागतात. प्रत्येक चौकोनाला तिथली खोली दिलेली असते आणि प्रत्येकात पाण्याची पातळी व प्रवाह यांचे आकडे असतात.

तिसरी पायरी, काळाचे पाऊल. उथळ जलाच्या समीकरणांत दोनच मूलभूत नियम असतात. चौकोनात जेवढे पाणी आले आणि त्यातून जेवढे गेले, त्यांच्या फरकाइतकीच पातळी बदलते, हा पहिला. पाणी उंच पातळीकडून सखल पातळीकडे ढकलले जाते, हा दुसरा. संगणक हे दोन नियम प्रत्येक चौकोनाला लावतो आणि काही सेकंदांनंतरची स्थिती काढतो. मग पुन्हा लावतो. मग पुन्हा. पाऊल किती लांब टाकावे यालाही बंधन आहे. एका पावलात लाटेने एक चौकोन ओलांडता कामा नये, नाहीतर हिशेब कोसळतो. कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी ही अट १९२८ मध्ये, संगणकाच्या जन्मापूर्वीच, सांगून ठेवली होती.

एक उदाहरण करून पाहू. दोन हजार किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद समुद्र एक-एक किलोमीटरच्या चौकोनांत विभागला, तर ४० लाख चौकोन होतात. चार हजार मीटर खोलीवर लाट एक किलोमीटर पाच सेकंदांत ओलांडते. म्हणून पाऊल तीन सेकंदांचे घेऊ. दहा तासांचा प्रवास पाहायचा, तर १२ हजार पावले. एकूण चौकोनांचे हिशेब ४,८०० कोटी! चौकोनाची बाजू निम्मी केली, तर चौकोन चौपट आणि पावले दुप्पट. म्हणजे काम आठपट. यासाठी खोल समुद्रात मोठे चौकोन आणि किनाऱ्याजवळ लहान, अशी एकात एक बसवलेली जाळी वापरतात.

चौथी पायरी, लाट जमिनीवर येणे. कोणता चौकोन कोरडा, कोणता ओला, हे प्रत्येक पावलाला ठरवावे लागते. जमिनीचा खडबडीतपणाही धरावा लागतो. कारण मोकळ्या वाळूवरून पाणी सहज सरकते, तर झाडी, घरे आणि कांदळवन त्याला अडवतात. या पायरीवर एक-दोन मीटरच्या उंचीचा फरक निर्णायक ठरतो. म्हणून किनाऱ्याच्या जमिनीची अचूक उंची ज्या देशाकडे नाही, त्याचा संगणक कितीही मोठा असो, पूरनकाशा धूसरच निघतो.

जपानमधील तोहोकू विद्यापीठाने याच तत्त्वावर ‘ट्युनामी’ हे प्रारूप तयार केले. नोबुओ शुतो आणि फुमिहिको इमामुरा हे त्यामागचे प्रमुख संशोधक. १९९० च्या दशकात हे प्रारूप अनेक देशांच्या शास्त्रज्ञांना खुले करून शिकवण्यात आले. भारताच्या इशारा यंत्रणेनेही ते वापरले आहे. ज्ञान कुलूपबंद न ठेवता वाटले, की ते परक्या किनाऱ्यावरची माणसेही वाचवते.

गणिताला इतिहासाची साक्ष

प्रारूप बरोबर आहे हे कशावरून मानावे? भूतकाळात घडलेली लाट त्याला पुन्हा घडवता आली पाहिजे. आणि इथेच आमच्या विषयाची, इतिहासाची, गरज पडते.

जपानच्या जुन्या दप्तरांत जानेवारी १७०० च्या अखेरीस एके रात्री आलेल्या लाटेच्या नोंदी आहेत. घरे वाहिली, भातशेतीत पाणी शिरले. पण आधी भूकंप झाल्याची नोंद कुठेच नाही. माय-बाप नसलेली ही लाट तीन शतके कोडे होऊन राहिली. पॅसिफिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात उभ्याच वाळलेल्या देवदारांची वने होती. त्यांच्या खोडांतील शेवटचे वर्तुळ १६९९ च्या हंगामाचे निघाले. तिथल्या आदिवासी जमातींच्या कथांतही रात्री हललेली धरती आणि चाल करून आलेला समुद्र होता. १९९६ मध्ये केंजी साताके व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी नोंदींतील वेळा आणि उंची घेऊन लाटेचा उलटा हिशेब केला आणि सांगितले, की २६ जानेवारी १७०० च्या रात्री नऊच्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. दप्तरातील कागद, झाडाचे खोड, लोकांची स्मृती आणि संगणक या चौघांच्या साक्षी जुळल्या. लेखी पुरावा नाही म्हणून ज्यांच्या आठवणींना इतिहासाने दाराबाहेर ठेवले, त्यांच्या कथाही पुरावा असतात, हा यातला धडा आपल्याला विशेष कळावा.

आपल्या किनाऱ्याचीही अशी एक नोंद आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची त्सुनामी कच्छला पोचली आणि पुढे सकाळी आठनंतर मुंबईलाही. मुंबईत तिची उंची सुमारे दोन मीटर असल्याचे नोंदलेले आहे आणि काही माणसे वाहून गेल्याचेही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या घटनेचे संगणकीय प्रतिरूपण करून भरतीमापकांच्या जुन्या नोंदींशी ते ताडून पाहिले. मकरानच्या भूखंडमंचावर लाटेची ऊर्जा अडकून राहते आणि किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे-मागे फिरत राहते, असे त्यातून दिसले. म्हणजे पहिली लाट ओसरली, की धोका टळला असे समजून किनाऱ्यावर परतणारा माणूस दुसऱ्या लाटेच्या तोंडी जातो. पूर्व किनाऱ्याच्या मानाने कोकणाला धोका कमी आहे. तो शून्य नाही, हे १९४५ ची पहाट सांगते.

हैदराबादचे केंद्र

२००४ नंतर भारताने हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे ‘इन्कॉइस’मध्ये, त्सुनामी पूर्वसूचना केंद्र उभारले. ते ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. २०११ पासून ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियासह ते हिंदी महासागरातील इतर देशांनाही सूचना देते.

भूकंप झाल्यावर पहिले सूचनापत्र सुमारे दहा मिनिटांत निघावे लागते. एवढ्या वेळात सारा हिशेब नव्याने करण्यापेक्षा एक सोपी युक्ती योजली आहे. भारताला धोका संभवतो तो मुख्यतः दोन पट्ट्यांतून : सुमात्रा-अंदमान आणि मकरान. या पट्ट्यांतील संभाव्य भूकंपांचे हिशेब आधीच करून साठवून ठेवलेले आहेत. खरा भूकंप झाला, की त्याच्याशी जुळणारे उत्तर त्या साठ्यातून काढायचे आणि किनाऱ्याच्या कोणत्या भागात किती वाजता किती उंच पाणी येईल ते सांगायचे. परीक्षेआधी सराव करून ठेवलेल्या विद्यार्थ्यासारखीच ही पद्धत. त्यानंतर समुद्रतळावर बसवलेले दाबमापक खरी लाट मोजतात. कित्येक किलोमीटर खोल पाण्याखालून पृष्ठभागावरचा एखाद्या सेंटिमीटरचा बदल ते टिपतात. त्यावरून सूचना कायम करतात किंवा मागे घेतात.

मागे घेणेही महत्त्वाचे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. पण तिथली जमीन आडवी सरकली, वर उचलली गेली नाही. त्यामुळे लाटा किरकोळ आल्या. केवळ तीव्रतेचा आकडा पाहून साऱ्या किनाऱ्याला पळायला लावले असते, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. त्याच दिवशी अ‍ॅचेच्या राजधानीत लोक गाड्या घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. लाट मोठी असती, तर माणसे गाड्यांतच सापडली असती. म्हणून आता लाटेबरोबर माणसांच्या हालचालीचेही प्रतिरूपण करतात : कोणत्या गल्लीत गर्दी अडेल, म्हातारे माणूस किती वेळात टेकडी गाठेल, कोणता पूल आधी बुडेल.

साठवलेल्या उत्तरांत नसलेला प्रश्न आला, की ही पद्धत अडखळते. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला. मोठा भूकंप झालाच नव्हता. त्यामुळे इशाराही निघाला नाही आणि चारशेहून अधिक माणसे गेली.

दोन शाळा

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय घेण्याचे खरे कारण आता सांगतो. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ तीव्रतेचा भूकंप झाला. जगात सर्वांत सज्ज समजला जाणारा तो किनारा. तीनच मिनिटांत इशारा निघाला. पण भूकंपाची पहिली मोजणी ७.९ इतकी कमी आली होती. त्यामुळे इवाते प्रांताला तीन मीटर लाटेची सूचना मिळाली. भिंतीमागे राहणाऱ्या काहींना ती पुरेशी भीतिदायक वाटली नाही. सुधारित सूचना निघेपर्यंत वीज गेली होती. मृत व बेपत्ता मिळून सुमारे साडेअठरा हजार माणसे गमावली गेली.

इवाते प्रांतातील कामाइशी शहरात तोशिताका काताडा हे प्राध्यापक काही वर्षे शाळांतून आपत्तीचे शिक्षण देत होते. त्यांची शिकवण तीन वाक्यांची होती. नकाशावर विसंबू नका. त्या क्षणी जे सर्वोत्तम करता येईल ते करा. इतरांची वाट न पाहता पहिल्यांदा तुम्ही निघा. उनोसुमाई भागातील माध्यमिक आणि प्राथमिक या शेजारशेजारच्या शाळा पूरनकाशात सुरक्षित क्षेत्रात दाखवलेल्या होत्या. तरीही माध्यमिकची मुले भूकंप थांबताच निघाली. त्यांना पाहून प्राथमिकची मुले निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर ते पुरेसे उंच नाही असे दिसले, म्हणून ती आणखी वर गेली आणि तिथूनही वर. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. शहरातील सुमारे तीन हजार शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी वाचली.

दुसरी शाळा इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळा. नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत. पूरनकाशात तीही सुरक्षित. एवढेच नव्हे, तर आसपासच्या लोकांनी आसरा घ्यायची जागा म्हणून तिची नोंद होती. शाळेच्या मागे टेकडी होती. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे मुले मैदानात थांबली. कुठे जावे याचा निर्णय होईना. अखेर ती निघाली तेव्हा नदीतून चढलेले पाणी समोर आले. पटावरील १०८ मुलांपैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालकांनी न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने शाळा व प्रशासनावर पूर्वतयारीतील हलगर्जीपणाचा ठपका ठेवला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. नकाशा सुरक्षित म्हणतो, एवढ्यावर मुलांची जबाबदारी असणाऱ्यांनी समाधान मानू नये, हा त्या निकालाचा गाभा. निवासी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. आपल्याकडे तर मुले रात्रीही आपल्याच भरवशावर झोपलेली असतात.

याच्या नेमकी उलट गोष्ट फुकुशिमाची. इ. स. ८६९ मधील जोगान त्सुनामीची नोंद जपानच्या राजवृत्तान्तात आहे आणि तिने वाहून आणलेल्या वाळूचा थर सेंदाईच्या मैदानात काही किलोमीटर आतपर्यंत सापडला होता. २००८ मध्ये अणुवीजकेंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत प्रतिरूपणात १५.७ मीटर उंचीपर्यंत पाणी चढू शकते, असा आकडा निघाला होता. त्यावर वेळीच कृती झाली नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष आलेले पाणी जवळजवळ तेवढेच उंच होते. ओकावात नकाशा चुकला आणि माणसांनी तो मानला. फुकुशिमात गणित बरोबर आले आणि माणसांनी ते बाजूला ठेवले. दोन्हीकडे संगणकाने आपले काम केले होते. निर्णय माणसांचा होता.

नकाशावर कोण दिसते?

पूरनकाशा घरे दाखवतो, रस्ते दाखवतो. माणसा-माणसांतील भिंती तो दाखवत नाही. ऑक्सफॅम संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या दुपटीहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. कारण सांगायला वेगळे गणित नको. पुरुष होड्या घेऊन समुद्रात होते आणि खोल पाण्यात लाट जाणवत नाही हे आपण वर पाहिलेच. स्त्रिया मासळी घ्यायला किनाऱ्यावर उभ्या होत्या. पोहणे त्यांना कोणी शिकवले नव्हते, कडेवर मुले होती.

आणि लाट ओसरल्यावर? नागपट्टिनम परिसरातील मदतछावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाणी व मदत नाकारली गेली, याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत आहेत. होडी बुडालेल्यांची नुकसानभरपाईच्या यादीत नोंद झाली. परंतु होडी नसलेला, दुसऱ्याच्या शेतात राबणारा आणि खाऱ्या पाण्याने शेत गेल्यामुळे मजुरी गमावलेला माणूस त्या यादीत सहज बसत नव्हता. किनाऱ्यावरची प्रेते उचलण्यासाठी मात्र दूरदूरच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले आणि ते बहुतांशी दलितच होते. लाट जात पाहत नाही असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण वस्ती कोणत्या सखल जागेत पडते, भोंगा कोणत्या वस्तीपर्यंत ऐकू जातो आणि आसऱ्याचे दार कोणाला उघडते, हे जात पाहूनच ठरते. म्हणून प्रतिरूपणाच्या जाळीत एका प्रश्नाची भर घालावी लागेल : या चौकोनात कोण राहते आणि त्याला निरोप कोण देणार?

याचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न ओडिशात झाला. २०२० मध्ये व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाकडून ‘त्सुनामी रेडी’ म्हणून मान्यता मिळाली. भारतातील ही पहिली गावे. पूरनकाशा, निघण्याच्या वाटांचे फलक, इशारा पोचवण्याची चोवीस तास चालणारी व्यवस्था, नियमित रंगीत तालीम, अशा निकषांवर ती तपासली गेली. इथे गणित हैदराबादहून निघाले आणि गावातल्या माणसाच्या पायापर्यंत पोचले.

आणि जिथे संगणक नाही तिथे? सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण लोकांनी ‘स्मोंग’ या शब्दात जपली होती. जमीन जोराने हलली, समुद्र मागे हटला, की टेकडीकडे धावा, एवढेच आजी नातवाला सांगत आली. भूकंपाच्या अगदी जवळ असूनही २००४ मध्ये सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर त्सुनामीने सातच बळी घेतले. जिथे लाट दहा मिनिटांत पोचते, तिथे इशाऱ्याची वाट पाहण्याइतका अवधीच नसतो. भूकंप हाच तिथला इशारा.

वर्गासाठी चार कामे

हा लेख नुसता वाचून ठेवण्यासाठी नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी आज अनेक जण शिक्षक आहेत, पालकही घरी हे करू शकतील.

एक : मोठ्या परातीत पाणी घालून एका बाजूला वाळूचा उतार करावा. तळाशी ठेवलेली पातळ फळी झटकन उचलावी आणि लाट उथळ भागात कशी उंचावते ते पाहावे. नंतर फुंकर घालून लाट करावी आणि दोहोंतील फरक मुलांना लिहायला सांगावा.

दोन : ३०००, १०००, ५० आणि ५ मीटर खोलीवर लाटेचा वेग वर्गमूळाने काढावा आणि आलेख काढावा.

तीन : ज्या मुलांची गावे किनाऱ्यावर किंवा खाडीकाठी आहेत, त्यांनी सुट्टीत घरापासून जवळच्या उंच जागेपर्यंत आजीसोबत चालत जावे आणि लागलेली मिनिटे लिहून आणावीत. एकट्याने धावून काढलेली वेळ धरू नये. कुटुंबाचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो.

चार : गावातील वृद्धांना जुन्या पुराच्या, वादळाच्या, भूकंपाच्या आठवणी विचारून तारखेसह लिहून ठेवाव्यात. पाणी कुठपर्यंत आले होते, ते भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगावे. उद्याच्या एखाद्या प्रारूपाला हीच नोंद साक्ष देईल.

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन असतो. १८५४ मध्ये जपानातील हामागुची गोर्‍यो या गृहस्थांनी अंधारात वाट चुकलेल्या गावकऱ्यांना उंचावरची दिशा कळावी म्हणून भाताच्या पेंढ्या पेटवल्या, त्या घटनेवरून संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस निवडला. ज्याला आधी कळले, त्याने स्वतःपुरते पळून न जाता इतरांना वाट दाखवावी, एवढाच त्या उजेडाचा अर्थ. शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून समाजाची अपेक्षाही याहून वेगळी नाही. संगणक लाटेची वेळ सांगेल. ती शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याचे काम शिकलेल्या माणसाचे आहे.